मोहगावची टोपली

धंतोलीच्या त्या गल्लीत जयवंताबाई गावंडे यांच्याबरोबर बाजाराला जायला बायकांची चढाओढ असे, आणि भाजीवाले मात्र त्यांना लांबून पाहिलं की दुसरीकडे बघत. वांगं हातात घेऊन त्या असं काही फिरवून पाहायच्या की त्या वांग्याला आपल्या जन्माची लाज वाटावी. भेंडीचं टोक मोडून पाहिल्याशिवाय भेंडी नाही, मेथीची जुडी सोडून आतला चिखल पाहिल्याशिवाय मेथी नाही. भाव तर नंतरची गोष्ट. "बाई, घेऊन टाका एकदाचं," म्हणून भाजीवाला हात जोडेपर्यंत त्यांचं समाधान होत नसे.

हे सगळं एखाद्या शहरी बाईचं नखरेल वागणं होतं असं कोणी समजू नये. जयवंताबाई वरूडकडच्या शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन नागपुरात आल्या, नवरा मधुकरराव तारघरात नोकरीला, तेव्हा पहिली काही वर्षं माहेरून दर हंगामाला वानोळा यायचा. शेतातलं पहिलं पीक निघालं की त्यातला वाटा लेकीकडे, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायचा, तो वानोळा. कधी तुरीच्या शेंगा, कधी संत्री, कधी नुसतीच ओली हळद. मग आई गेली, वडील गेले. भावानं शेत विकलं आणि तो भिलाईला कारखान्यात लागला. भाऊ मायाळू होता, दिवाळीला न चुकता पत्र पाठवायचा, पण भिलाईच्या क्वार्टरमधून तो बिचारा वानोळा तरी काय पाठवणार, पोलादाचा तुकडा? तेव्हापासून जयवंताबाईंच्या घरात जे काही हिरवं आलं ते पैसे मोजून आलं. आणि पैसे मोजायचे तर निवडून का घेऊ नये, असा त्यांचा साधा हिशेब होता.

दुष्काळाची वर्षं नुकतीच मागे पडली होती. त्या साली मधुकररावांनी एक उद्योग केला. रामदासपेठेत केशवराव म्हणून त्यांचे स्नेही राहत. शेतकी शाळेत शिकवून निवृत्त झाले होते, पण शिकवायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. त्यांनी एक योजना काढली. हिंगण्याच्या वाटेवर मोहगाव आहे, तिथला रुपराव नावाचा शेतकरी त्यांच्या ओळखीचा. आपण दहा-बारा घरांनी मिळून त्याचा एक हंगाम धरायचा. पेरणीच्या आधीच त्याला बियाण्या-खताला हातभार लावायचा. मग दर शनिवारी त्याच्या वाफ्यात जे असेल ते त्यानं सगळ्या घरांना सारखं वाटायचं. दलाल नाही, बाजार नाही. भरघोस आलं तर सगळ्यांचं भरघोस, कीड पडली तर सगळ्यांची मिळून कीड.

"आणि निवडायचं कोणी?" जयवंताबाईंनी विचारलं.

"निवडायचं नाही. जे येईन ते घ्यायचं," मधुकरराव म्हणाले.

"म्हणजे आता माह्या घरात भाजी मले न विचारता येईन?"

"अवं, एक हंगाम तं पाहू. दिवाळीपासून होळीपावतर. नाही जमलं तं सोडून देऊ."

"तुम्ही नाव देऊन आले ना?"

मधुकरराव चष्मा पुसू लागले. नाव ते देऊनच आले होते.

दिवाळीनंतरच्या शनिवारी सकाळी गल्लीत बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. रुपरावांचा चुलतभाऊ चंद्रभान बैलबंडी घेऊन आला होता. बंडीत तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, टोपल्या मांडलेल्या, सगळ्या सारख्या, वरून ओल्या फडक्यानं झाकलेल्या. त्यानं एक टोपली उचलून ओट्यावर ठेवली. दुसरी समोरच्या उत्तराबाईंच्या दारात ठेवली. उत्तराबाई शाळेत शिकवायच्या, त्यांचंही घर या योजनेत होतं. पुढच्या टोपल्या द्यायला तो रामदासपेठेकडे गेला. परतताना रिकाम्या टोपल्या घेऊन जाईन म्हणाला.

जयवंताबाईंनी फडकं काढलं. त्यांचं तोंड युद्धाच्या तयारीत होतं, पण समोर भांडायला कोणीच नव्हतं. वांगी वाकडी. मुळे कुठले जाड, कुठले करंगळीएवढे. पानकोबीला वरून भोकं. मेथी मात्र अशी कोवळी की जुडी उलगडताच हातांना तिचा वास लागला. आणि सांबाराच्या, म्हणजे आपल्या कोथिंबिरीच्या, काड्यांना मुळापाशी ओली काळी माती. जयवंताबाईंनी ती माती बोटांत चुरली. बाजारात हीच माती दिसली असती तर त्यांनी भाजीवाल्याला फैलावर घेतलं असतं. आता त्यांनी बोटं नाकाजवळ नेऊन तिचा वास घेतला.

टोपली रिकामी झाली. तासाभरानं गल्लीत पुन्हा घुंगरं वाजली आणि तिथेच घोटाळा झाला.

जयवंताबाईंनी टोपली उचलली आणि दारापर्यंत जाऊन थबकल्या. मागे फिरल्या, फडताळातला डबा काढला, दिवाळीचे उरलेले बेसनाचे लाडू कागदात बांधून टोपलीच्या तळाशी ठेवले.

"हे काय करून राहिली?" मधुकररावांनी विचारलं.

"शेतातून भरून आलेलं टोपलं रिकामं वापस करतेत का कोणी?"

"अवं, हा काही वानोळा नोहे. आपण त्याचे पैसे भरले हायेत."

"पैसे तुम्ही केशवरावाकडे भरले. टोपलं माह्या दारात आलं," जयवंताबाई म्हणाल्या आणि टोपली चंद्रभानच्या हातात दिली.

तारघरातला माणूस पुन्हा चष्मा पुसू लागला. भरलेलं भांडं आलं तर ते रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हे ज्या बाईच्या हातांना आईनं शिकवलं आहे तिला पावती दाखवून काय उपयोग?

पुढच्या शनिवारी जयवंताबाईंच्या टोपलीत भाजीखाली एक छोटं लाल कोहळं, म्हणजे आपला भोपळा, निघालं. त्याला हळदकुंकवाची बोटं लावलेली होती. चंद्रभान म्हणाला, "तुळसावैनीनं सांगतलं, लाडू लय मस्त झाल्ते म्हणा. पोट्ट्याइनं कागदबी चाटला." तुळसाबाई म्हणजे रुपरावांची बायको.

हळदकुंकू लावलेलं कोहळं! जयवंताबाई त्या दिवशी दोनदा देवघरापर्यंत जाऊन आल्या, काही कारण नसताना. त्यांनी त्या कोहळ्याची गुळातली बोंडं तळली आणि अर्धी पुढल्या टोपलीतून मोहगावला पाठवली. आता तुळसाबाईच्याही आईनं तिला तेच शिकवलेलं. तिचं टोपलं भरून आलं होतं, मग तिनं ते नुसतं वाट्याच्या भाजीवर कसं पाठवावं? तिनं वर मध पाठवला. इकडून सांबारवडी गेली. तिकडून खवा आला. इकडून संक्रांतीचा खण गेला. तिकडून तुरीच्या शेंगा आल्या, चांगल्या पदरभर.

दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. पण गुरुवारपासूनच जयवंताबाईंच्या घरात 'शनिवारी काय पाठवायचं' हा विषय निघू लागला. डबे धुंडाळले जाऊ लागले. मुलांच्या डब्यातला चिवडा मोहगावला गेला. मधुकररावांच्या आवडीच्या करंज्या त्यांना दुरूनच दिसल्या.

"अति तेथे माती," ते एकदा म्हणाले.

"तुमाले माहेर हाये, म्हणून तुमाले असं बोलता येते," जयवंताबाई म्हणाल्या. पुरुषाला माहेर कसं असेल हा प्रश्न मधुकररावांच्या ओठांवर आला होता. पण बायकोचे डोळे पाहून त्यांनी तो गिळला. या बाईला शनिवारच्या टोपलीत काय मिळत होतं हे त्या दिवशी त्यांना नीट कळलं.

भांडं फुटलं ते जयवंताबाईंच्याच हातून. त्या तुरीच्या शेंगा सोलून त्यांनी सोलेभात केला आणि एकटीनं खायची सवय नसल्यामुळे वाटीभर समोर उत्तराबाईंकडे नेऊन दिला.

"अगं बाई, सोले! कुठून आणलेत?" उत्तराबाईंनी विचारलं.

"कुठून म्हणजे? टोपल्यातले."

"आमच्या टोपलीत नव्हते."

जयवंताबाईंचा हात वाटीवरच राहिला. उत्तराबाई काही वाईट नव्हत्या. सोलेभात त्यांनी आवडीनं खाल्ला आणि वाटी परत करताना त्यात शेंगदाण्याची चिक्कीही घातली. पण त्या शाळेत शिकवायच्या, वाटणी सारखी नसली की त्यांना झोप येत नसे. त्यांनी केशवरावांना विचारलं. केशवरावांनी बाकीच्या घरी विचारलं. तुरीच्या शेंगा कुणालाच मिळाल्या नव्हत्या, खवाही नाही, मधही नाही. मग रविवारी केशवरावांच्या व्हरांड्यात सगळे जमले.

जयवंताबाईंनी काही लपवलं नाही. "तुळसाबाईनं तिच्या घरचं देल्लं. तुमच्या वाट्याचं नाही."

"मला खात्री आहे," केशवराव म्हणाले. "पण बाकीच्यांना ती खात्री कशी व्हावी? शेत एकच आहे. आज तुमच्या टोपलीत शेंगा गेल्या, उद्या दुसरं कोणी साडी पाठवून फुलकोबी मागेल. मग हा बाजारच झाला, आणि बाजार नको म्हणून तर आपण एकत्र आलो."

बोलणं बरोबर होतं, हाच तर त्रास होता. माणूस चुकीचं बोलला तर जयवंताबाई त्याला उभ्या जागी गप्प करत. केशवरावांपुढे त्या नुसत्या पदराचं टोक पिळत बसल्या.

"तेव्हा असं ठरवू," केशवराव म्हणाले, "की टोपल्या रिकाम्या परत जातील. सगळ्यांच्या. रुपरावलाही मी निरोप देतो. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी खुशाल पुढच्या हंगामात नाव देऊ नये."

घरी येताना जयवंताबाई मधुकररावांच्या पुढे झपाझप चालत होत्या. ओट्यावर पाय ठेवल्यावर म्हणाल्या, "नाव काढून टाका आपलं."

"काढतो. उद्याच जातो," मधुकरराव म्हणाले.

"उद्याच कायले? एवढी कायची घाई हाये?"

मधुकररावांनी डोक्याला हात लावला. पण बाईंची खरोखरच कोंडी झाली होती. टोपली रिकामी पाठवावी तर तुळसाबाईला काय वाटेल? जिनं कोहळ्याला हळदकुंकू लावून पाठवलं तिच्या दारात आपलं टोपलं खडखडीत जायचं? तिला वाटेल, शहरातल्या बाईचं मन भरलं, संपलं. आणि नाव काढावं तर शनिवारची घुंगरंच बंद. पुन्हा बाजार, पुन्हा निवडून घेतलेली वांगी, ज्यांच्याबरोबर कुणाचा निरोप येत नाही. आठवडाभर त्यांनी दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडून त्यांना रडू आलं.

शनिवारी टोपली आली. वाट्याची भाजी होती, वर काही नव्हतं. तुळसाबाईपर्यंतही हुकूम पोचला होता. चंद्रभानकडे निरोपही नव्हता. तो रामदासपेठेतून परत आला तेव्हा जयवंताबाई रिकामी टोपली काखेत घेऊन ओट्यावर उभ्या होत्या. अंगावर बाहेर जायचं लुगडं, पायात चपला.

"द्या ताई टोपलं," चंद्रभान म्हणाला.

"टोपलं मी देत नाही. मीच टोपल्यासंगं येतो. जागा कर."

"बंडीत? ताई, हाडं खिळखिळी होईन. एसटी जाते ना मोहगावले."

"मले काय बंडी मालूम नाही का गा? बंडीतच वाढली मी."

समोर उत्तराबाई फाटकात उभ्या होत्या. जयवंताबाईंनी टोपली उलटी करून त्यांना दाखवली. "पाहून घ्या मास्तरीणबाई. एकदम रिकामं हाये." उत्तराबाईंना हसू आवरेना. नियमात टोपली रिकामी जायची होती, टोपलीबरोबर कोणी जायचं नाही असं कुठे होतं? मधुकरराव मागून धावत येऊन म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीनं वापस येजो," आणि बंडीत बायकोला हात देऊन चढवून मोकळे झाले.

मोहगावला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं. सारी वाट जयवंताबाई चंद्रभानला बैलांबद्दल, विहिरीबद्दल, कुठल्या धुऱ्यावर, बांधावर, कोणाची तूर आहे याबद्दल विचारत होत्या. गाव दिसलं तशी त्यांनी टोपली मांडीवर ओढली. भरल्या घरी रिकाम्या हातानं जायची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. वाटेत एक दुकान लागलं तेव्हा निदान पावभर साखर घ्यावी म्हणून त्या उठल्याही होत्या. मग केशवरावांचा चेहरा आठवून खाली बसल्या.

तुळसाबाई अंगणात सडा टाकत होती. जयवंताबाईंच्या मनात ती आपल्याच वयाची, बारीकशी होती. प्रत्यक्षात चांगली थोराड बाई निघाली, केस निम्मे पिकलेले, कोपरापर्यंत शेणानं हात भरलेले. चंद्रभान ओरडला, "वैनी, धंतोलीच्या ताई आल्या!"

तुळसाबाईनं आधी पाहुणीकडे पाहिलं, मग तिच्या काखेतल्या टोपलीकडे. जयवंताबाईंना तेवढंही सहन झालं नाही. त्या बंडीतून उतरल्या आणि उभ्याउभ्याच बोलत सुटल्या.

"वैनी, टोपलं रिकामं हाये. हातबी रिकामे हायेत. तिकडे त्याइनं कानून केला, टोपल्यात काही टाकायचं नाही. त्याइचंबी खोटं नाही. पण तुमच्याकडे रिकामं टोपलं कोणाच्या हातानं धाडू? तुमाले वाटलं असतं का इनं तोडलं. म्हणून मीच सांगाले आली. रागावू नोका जी."

ओसरीवरून रुपरावांचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. "भलं होवो त्या केशवरावचं! ताई, तुमा दोघीच्या पायी अवंदा माह्याच घरी मले तुरीच्या शेंगा चाखाले भेटल्या नाही. गुरुवार आला का हिची सुरुवात, शनिवारी ताईले काय धाडू, शनिवारी ताईले काय धाडू."

"तुमच्याकडेबी गुरुवारीच?" जयवंताबाईंच्या तोंडून निघून गेलं.

तुळसाबाई हसली नाही. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि जयवंताबाईंच्या काखेतून टोपली काढून घेतली. "तुमचं माहेर कोणतं?"

"वरूडकडचं. पण आता तिथं कोणी नाही. शेतबी नाही."

तुळसाबाईनं टोपलीचा तळ हातानं झटकला, जणू त्यात काही होतं. मग म्हणाली, "पोरगी माहेरी येते तं टोपलं भरून आणते का वं? रिकामं आणते अन् भरून नेते. तू कायले एवढी शरमून राहिली? बस. च्या मांडतो."

धंतोलीत नवरा सोडून सगळे जयवंताबाईंना अहो-जाहो करत. भाजीवाले करत, शेजारी करत, चंद्रभान करत होता. आई गेल्यापासून त्या आवाजात 'वं' म्हणून, 'तू' म्हणून त्यांना कोणी दटावलेलं नव्हतं. त्या ओसरीवर बसल्या आणि त्यांना रडू आलं. ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. रुपराव घाईघाईनं बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. तुळसाबाईनं चहाचा कप हातात दिला आणि शेजारी बसून राहिली.

संध्याकाळी एसटीत बसवून देण्याआधी तिनं जयवंताबाईंची ओटी भरली, घरच्या गव्हानं. टोपली मात्र तिनं ठेवून घेतली, ती शनिवारी बाकीच्यांबरोबरच जायची होती. "वाट्याचं वाट्यासारखंच येईन," ती म्हणाली. "बाकी काही पाहिजे असन तं इथं येजो. खाऊन जाजो."

त्यानंतरच्या शनिवारी चंद्रभाननं टोपली आणली, सगळ्यांसारखीच. रामदासपेठेतून तो परतला तेव्हा मधुकरराव मुद्दाम ओट्यावर येऊन उभे राहिले. जयवंताबाईंनी रिकामी टोपली आतून आणली, त्यात हातही घातला नाही, डब्याकडे पाहिलंही नाही, आणि चंद्रभानच्या हातात दिली. मधुकररावांना वाटलं, आता हिचा चेहरा उतरेल. तो काही उतरला नाही.

"काही निरोप, ताई?" चंद्रभाननं विचारलं.

"हो. वैनीले सांग, पुढल्या हंगामात अंबाडी पेर म्हणा. साऱ्याइसाठी, माह्या एकटीसाठी नाही. रामदासपेठवाल्याइनं नाक मुरडलं तं मुरडू दे, मी शिकवतो त्याइले कशी कराची ते."

"म्हणजे पुढच्या हंगामातबी आपलं नाव हाये?" मधुकररावांनी विचारलं.

जयवंताबाईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. चंद्रभान टोपली तणसावर ठेवत म्हणाला, "निरोप देतो मी. पर रुपरावभाऊ इचारन, वाफ्यात काय पेराचं हे सांगणारी कोण?"

"म्हणा, घरची पोरगी," जयवंताबाई म्हणाल्या.

चंद्रभाननं मान डोलावली आणि बंडी हाकली.